सुनीताताईंचा पक्षी चिडलेलाच!

पेन्सिलीला टोक करत बसलं की भुसा साठतो. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण संध्याकाळी बघावं तर वाटीभर झालेला असतो. माझ्या रविवारच्या क्लासमधले किस्से असेच साठलेत. तीन वर्षांतली चित्रं एका फायलीत मावतील. किस्से मात्र सांगायला लागलो की बायको आधी उठून गॅस बंद करून येते. हा आता लवकर थांबत नाही, हे तिला माहीत आहे.

मी बार्शीकडचा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मुलगा हिंजवडीत कामाला. त्याने महाळुंग्यात बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आम्हा दोघांना वर आणून ठेवलं. खिडकीतून खाली क्रेन दिसतात आणि क्रेनच्या पलीकडे शिल्लक राहिलेलं थोडं शेत. आयुष्यभर पन्नास-पन्नास पोरांवर ओरडलेला माणूस बाराव्या मजल्यावर गप्प किती दिवस बसणार? सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी दर रविवारी सकाळी दहाला मोठ्या माणसांचा क्लास सुरू केला. गेटवर स्वतःच्या वळणदार अक्षरात बोर्ड लावला : 'गोंडस कार्टून पक्षी काढायला शिका! कोणालाही येतो! दहा मिनिटांत! बाहेरच्यांनाही प्रवेश.'

पहिला धडा पक्ष्याचाच, कारण पक्षी माणसाला सांभाळून घेतो. माणूस काढला तर नाक बिघडतं, घोडा काढला तर पाय कुठे ठेवायचे ते कळत नाही. पक्ष्याचं तसं नाही. एक आडवं अंडं, त्यावर छोटा गोल, त्रिकोणी चोच, पोटावर अर्धगोल पंख, खाली दोन काड्या आणि शेवटी डोळ्याचा ठिपका. झाला पक्षी! बोर्डावर 'कोणालाही' हा शब्द मी मुद्दाम जाड केला होता. पुढे वर्षभर तो शब्द येता-जाता माझ्याकडे बघून हसत होता.

* * *

आमच्या गेटवर ॲप आहे. कोण आलं आणि कशाला आलं, ते वॉचमन त्यात टाकतो आणि आपल्या फोनवर विचारणा येते. कारणं ठरलेली आहेत : डिलिव्हरी, कॅब, पाहुणे, कामवाली. एका रविवारी माझ्या फोनवर आलं, 'सुनीता ओव्हाळ. कारण : चिडिया.'

मी 'हो' दाबायच्या आत वॉचमन रामप्रवेशचा फोन आला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "साहब, एक मैडम आई हैं. बोलती हैं चिडिया के लिए आई हूँ. लेकिन साथ में पिंजरा तो है नहीं. भेजूँ?"

मागून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "अवो दादा, बोर्ड तुमच्याच डोक्यावर लावलाय की! वर बगा!"

रामप्रवेशने वर बघितलं असावं, कारण त्यांना लगेच आत सोडलं. पण त्याला हे नवं कारण फार सोयीचं वाटलं. पुढच्या रविवारी माझ्या फोनवर क्लासच्या जुन्या माणसांच्याही एकामागून एक विचारणा आल्या. 'तात्या. कारण : चिडिया.' 'पराग. कारण : चिडिया.' शेवटी आमच्या क्लासमधले सर्वात वजनदार सभासद, निवृत्त ड्राफ्ट्समन देवधरसाहेब. ते नातवाच्या सायकलवरून आले होते. 'देवधर. वाहन : सायकल. कारण : चिडिया.'

* * *

सुनीताताई कशाला आल्या होत्या, ते आधी सांगतो. त्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नाही.

त्या पौडच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एका वाडीवर अंगणवाडीसेविका आहेत. माहेर महाळुंग्याचं. रविवारी आईला भेटायला येतात, तेव्हा त्यांना माझा बोर्ड दिसला. पहिल्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या आणि मी काही विचारायच्या आत सांगायला लागल्या.

"सर, माज्या अंगणवाडीत अठरा खुंट्या हायेत. पोरं पिशव्या अडकवतात. खाली नाव लिहून उपेग न्हाई, वाचता कुटं येतंय? म्हणून चित्र लावायचं. ज्याचं चित्र, त्याची खुंटी."

"मग आता काय लावलंय?"

"छापील फळं हुती. निम्मी फाटली. राहिल्यात त्यातले सात आंबे हायेत. रोज सकाळी सात जणांची मारामारी!"

मग त्यांनी स्वतः काढून बघितलं होतं. मागच्या वर्षी पोपट काढून मीटिंगला तक्ता नेला, तर वरच्या मॅडम म्हणाल्या, "मिरची छान काढलीय, पण पक्ष्यांच्या तक्त्यात कशाला?" सगळ्या हॉलमध्ये हशा झाला.

"त्या हसल्या त्येचं काय न्हाई सर," सुनीताताई म्हणाल्या. "पण मी एक मोर काढून खुंटीवर लावला, तर एक पोरगं त्याला बघून रडाया लागलं. खुंटीजवळ जाईचना. म्हैनाभर पिशवी मांडीवर घेऊन बसलं. जेवताना पण मांडीवरच. मला हसलेलं चालतंय. पोरं रडलेली न्हाई. जूनमदी नवीन पोरं येत्यात, त्याच्या आदी मला अठरा पक्षी पायजेत. बघून बरं वाटंल असे."

असा मोकळा हेतू घेऊन माझ्या क्लासला आजवर कुणी आलं नव्हतं. बाकीचे सगळे 'स्ट्रेस जातो म्हणे' म्हणून आलेले. मी भलताच जोशात आलो. म्हटलं, "ताई, अठरा वेगळे पक्षी काढायचेच नाहीत! पक्षी एकच. एकाला छत्री, एकाला चष्मा, एकाला फेटा, एकाला रिबन. एक जमला की अठरा जमले!"

दहा मिनिटांनी मी त्यांचा कागद उचलला. अंडं सुबक, गोल अगदी गोल, काड्या सरळ. हात चांगला होता हो बाईंचा! फक्त एकच गोष्ट होती. तो पक्षी माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच गृहपाठ न करता आलोय.

"छान," मी म्हटलं, "जरासा रागावलाय. दुसरा काढा."

दुसरा जास्त रागावला होता.

* * *

तात्या महाळुंग्यातलेच. वय सत्तरच्या पुढे, पांढरी टोपी, आणि कोंबड्या पाळण्यात उभा जन्म गेलेला. आता टॉवरांच्या मध्ये एक घर, एक चिंच आणि एक खुराडं एवढंच त्यांचं जुनं राहिलंय. क्लासला ते शिकायला येतात की माझी परीक्षा घ्यायला, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिल्याच दिवशी मी फळ्यावर पक्षी काढला. तात्या उठून फळ्याजवळ गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, ही अंडं देणार न्हाई."

"तात्या, हे कार्टून आहे."

"आसंल. पण देणार न्हाई."

बरं, म्हटलं, तुम्ही तुमच्या मनाने एक काढा. तात्यांनी तासभर खपून काढला. मी बघितला आणि कागद उलटा-सुलटा करत राहिलो. चोच सापडेना, डोळा सापडेना. सगळा शेपटीचाच पसारा. पाठमोरी कोंबडी! म्हटलं चुकून झालं असेल. दुसऱ्या रविवारी परत पाठमोरी. तिसऱ्या रविवारी बदक सांगितलं, तर तेही पाठमोरंच!

"तात्या, तोंड का नाही काढत हो?"

तात्या मला समजावत म्हणाले, "मास्तर, पन्नास वर्सं मी कोंबडी धराया जातोय. माज्याकडं तोंड करून आजवर एकबी थांबली न्हाई!"

याच तात्यांना मी सुनीताताईंचा पक्षी दाखवला. म्हटलं, तुम्ही जाणकार, जरा सांगा काय चुकतंय. तात्यांनी कागद हातभर लांब धरला.

"चुकतंय काय? ब्येस हाय की. फकस्त हिला बाकीच्यांबरुबर कोंडू नगा. सकाळपर्यंत एकबी ऱ्हायची न्हाई."

सुनीताताईंनी कागद परत घेतला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. हसल्या, पण मला वाईट वाटलं, खरं सांगतो.

* * *

देवधरसाहेबांनी चाळीस वर्षं कारखान्याची ड्रॉइंग्ज काढली. मी 'अंडं काढा' म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "मेजर ॲक्सिस किती?"

त्यांनी टी-स्क्वेअर आणला, कंपास आणला आणि कागदावर सेंटर लाइन मारून एकाच पक्ष्याचे तीन नकाशे काढले. समोरून, बाजूने आणि वरून. वरून काढलेला पक्षी म्हणजे बटाटा आणि त्याला एक टोक. डोळ्याला बाण काढून शेजारी लिहिलं होतं, 'दोन्ही बाजूंस समान.'

हेही मी चालवून घेतलं. पण पुढे ते पायांवर अडले. "सर, हे स्ट्रक्चर उभं राहणार नाही. एवढं पोट आणि खाली दोन काड्या? लोड कुठे जातोय?"

"साहेब, हा कागदावरचा पक्षी आहे. लोड नाही."

"असं म्हणूनच स्ट्रक्चरं पडतात!"

दर रविवारी ते पाय थोडे जाड करत गेले. चौथ्या रविवारी मी चित्र घरी आणलं, तर बायकोने चहा ठेवता ठेवता बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई! पक्ष्याला हत्तीरोग झालाय का हो?"

हे मी साहेबांना सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच पाचव्या रविवारी येऊन जाहीर केलं, "आता पाय ठीक आहेत. पण आता पंख उचलणार नाहीत."

* * *

पराग लातूरचा. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात चुका काढायच्या. त्याचा पगार त्याच कामाचा असल्यामुळे सवय सुट्टीच्या दिवशीही सुटत नाही. पहिल्याच दिवशी माझ्या पक्ष्याचं परीक्षण करून त्याने मला यादी पाठवली. 'एक, चोच बंद आहे, पक्षी खाणार कसा? दोन, दुसरा डोळा सापडला नाही. तीन, पायाला बोटं नाहीत, फांदीवर बसवल्यास घसरेल.' अशी अकरा कलमं. खाली लिहिलं होतं, 'बाकी क्यूट आहे.'

सुनीताताईंचा प्रश्न ऐकून मात्र पोरगा पेटला. म्हणाला, "सर, ऐका की. आपण एकेक गोष्ट बदलून बघू. कुठेतरी सापडणारच."

झालं! पुढचे तीन रविवार क्लबहाउसची प्रयोगशाळा झाली. डोळ्याचा ठिपका मोठा केला, पक्षी डोळे वटारायला लागला. लहान केला, तर डोळे बारीक करून बघायला लागला. चोच वर वळवली, तो तुच्छतेने बघायला लागला. पराग प्रत्येक कागदावर नंबर टाकत होता. देवधरसाहेब कोन मोजत होते. तात्या प्रत्येक कागदावर शेरा देत होते, "आता चावंल," "ह्यो टोचंल," "ह्यो मागं लागंल."

शेवटी परागने रामबाण काढला. मी काढलेला हसरा पक्षी त्याने खिडकीच्या काचेवर चिकटवला, त्यावर कोरा कागद ठेवला आणि म्हणाला, "ताई, आता काही काढू नका. फक्त आरपार दिसतंय ते गिरवा."

सुनीताताईंनी जीभ दातांत धरून रेघेवर रेघ गिरवली. पेन्सिल एक केसभर हलली नाही. आम्ही चौघं मागे उभे. गिरवून झालं, कागद खाली काढला आणि टेबलावर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले. माझा हसत होता. त्यांचा चिडलेला.

परागने दोन्ही कागद परत एकावर एक ठेवून उजेडाला धरले. रेघ सुटली नव्हती. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सर, माझ्या नोकरीत असं एकदाच झालं होतं. तेव्हा आम्ही सर्व्हर बदलला."

"मला बदलू नका म्हंजे झालं," सुनीताताई म्हणाल्या.

* * *

एप्रिलमध्ये मी शेवटचा उपाय केला. म्हटलं, "ताई, मनातलं हातात उतरतं. हसत काढा. तोंडभर हसत."

त्या तासभर हसत बसल्या. दात दिसतील एवढ्या. मध्येच सोसायटीचे सेक्रेटरी क्लबहाउसच्या चावीसाठी आले. त्यांनी सुनीताताईंकडे बघितलं, त्यांना वाटलं बाई आपल्यालाच हसतायत. त्यांनी शर्टाची बटणं तपासली, मग मागे वळून आरशात बघितलं आणि चावी न घेताच गेले.

तासाच्या शेवटी गाल चोळत त्यांनी कागद पुढे केला. पक्षी हसत होता! आम्ही टाळ्या वाजवणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "थांबा. ह्यो कुणाची तरी खोडी काढून आलाय."

आणि होतं तसंच. हसत होता, पण रागावून हसत होता. मला तर तो आधीच्यापेक्षा जास्त भयंकर वाटला.

* * *

सुनीताताईंच्या पक्ष्यांतला एक चुकून क्लबहाउसच्या दारात पडून राहिला. तिथे 'चपला रॅकमध्ये ठेवाव्यात' अशी पाटी दोन वर्षं लटकत होती आणि त्या पाटीखालीच चपलांचा ढीग असायचा. कुणीतरी खाली पडलेला कागद उचलून त्या पाटीशेजारी पिनेने टोचला.

तीन दिवसांत दारात एक चप्पल राहिली नाही! झुंबा करणाऱ्या बायका, टेबल टेनिस खेळणारे काका, सगळ्यांच्या चपला रॅकमध्ये ओळीने. रामप्रवेश मला म्हणाला, "साहब, मैं भी अब उसके सामने जूता सीधा रखता हूँ."

पुढच्या रविवारी सेक्रेटरी स्वतः क्लासला आले. या वेळी शर्टाची बटणं तपासून आले होते. "ताई, मानलं तुम्हाला! अजून चार द्या. एक लिफ्टमध्ये, एक बागेत कुत्री फिरवतात तिथे, एक पोहण्याच्या तलावाला आणि एक पार्किंगला. पार्किंगचा जरा जास्त रागीट."

सुनीताताईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"सायेब, मी पोरांसाठी शिकतेय. चपलांसाठी न्हाई."

सेक्रेटरी ओशाळून गेले. सुनीताताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मोठी माणसं भ्याली व्हय ह्याला? आन मी हे तीन-तीन वर्सांच्या पोरांच्या खुंटीवर लावणार?"

देवधरसाहेबांनी विनाकारण कंपास पुसला. मी गेटवर जाऊन बोर्डावरचा 'कोणालाही' खडूने झाकून आलो. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मी पोरांना नापास केलं होतं, पण एका रेघेने मला नापास करावं असं आजवर झालं नव्हतं.

* * *

जून आला. अंगणवाडी सुरू होण्याआधीच्या शेवटच्या रविवारी सुनीताताई तयार पक्षी घेऊन आल्या. छत्रीवाला, चष्मेवाला, फेटेवाला, रिबनवाला, एक शिट्टी वाजवणारा, एक हातात पाटी धरलेला. रंग काय सुरेख भरले होते! पुठ्ठ्यावर चिकटवून कडेला कात्रीने गोल कापलेलं. आणि प्रत्येक जण चिडलेला. छत्रीवाला तर पावसालाच जाब विचारत होता.

"सतराच झाल्यात," त्या म्हणाल्या. "परवा एक नवीन नाव आलं. आरोही. अठरावा काडाया येळ झाला न्हाई, आन खरं सांगू सर, मन पण झालं न्हाई."

मी म्हटलं, "अठरावा मी देतो."

मी बसलो आणि जीव ओतून काढला. हसरा, गुबगुबीत, गालावर लाली, डोक्यावर छोटं फूल. पाहिल्याबरोबर उचलून घ्यावासा. निदान एका लेकराच्या खुंटीवर तरी गोड पक्षी असू दे, असा माझा हिशेब. खोटं कशाला सांगू, थोडी मिरवायची हौसही होती.

अंगणवाडी सुरू झाली त्या दिवशी सुनीताताईंना एकटं सोडायचा कुणालाच धीर होईना. परागने सुट्टी काढली. देवधरसाहेब म्हणाले, खुंट्यांची लेव्हल बघायला हवी. तात्यांच्या जीपमधून आम्ही चौघे पौडच्या पुढे त्या वाडीवर पोचलो आणि एका ओळीत भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, परीक्षेला बसल्यासारखे. परागच्या खिशात चॉकलेटं होती. पोरं रडली तर वाटायला.

एक खोली, खाली सतरंजी, समोरच्या भिंतीवर अठरा खुंट्या आणि प्रत्येक खुंटीच्या वर एक पक्षी. सुनीताताई दारात यादी घेऊन उभ्या होत्या. एक-एक पोर आत घेत होत्या आणि प्रत्येकाच्या कानात सांगत होत्या, तुझा कोणता.

पहिला आला एक टक्कल केलेला पोरगा. पिशवी छातीशी धरून तो भिंतीजवळ गेला आणि छत्रीवाल्या पक्ष्यासमोर थांबला. पक्ष्याकडे बघितलं. मागे वळून दाराकडे बघितलं. परत पक्ष्याकडे. परागचा हात खिशात गेला.

पोरगा टाचा उंचावून, बोट पक्ष्यावर टेकवून ओरडला, "बाई!"

"काय रे?" दारातून सुनीताताईंनी विचारलं.

"तुमी न्हाई! ह्यी बाई! छत्रीवाली बाई माजी!" आणि त्याने पिशवी अडकवली.

दुसरी मुलगी धावत आली. "ह्यी चष्म्याची बाई माजी!" तिसरा फेटेवाल्याला बघून खिदळत सतरंजीवर लोळला, "बाईनी फ्येटा बांदला!" मग रांगच मोडली. सगळी पोरं एकदम भिंतीला भिडली. रिबनची बाई, शिट्टीची बाई, पाटीवाली बाई. सतरा पिशव्या सतरा खुंट्यांना लागल्या. मारामारी नाही, ढकलाढकली नाही.

आम्ही चौघांनी आधी भिंतीकडे बघितलं. मग चौघांनी एकदम दाराकडे बघितलं. सुनीताताई तिथे यादी घट्ट धरून, भुवया आवळून, मान पुढे काढून, कुणी रडतंय का ते बघत उभ्या होत्या.

"आयला!" तात्या एवढंच म्हणाले.

शेवटी आरोही. तीन वर्षांची, दोन शेंड्या, नवा फ्रॉक. तिच्या खुंटीवर माझा पक्षी. मी जरा पुढे सरकलो. ती माझ्या पक्ष्यासमोर उभी राहिली, गालावरची लाली बघितली, डोक्यावरचं फूल बघितलं. शेजारच्या खुंटीकडे बघितलं. त्याच्या शेजारच्या खुंटीकडे बघितलं. तिचा खालचा ओठ बाहेर आला आणि तिने असा काही सूर लावला की अंगणातली कुत्री उठली.

सुनीताताई धावल्या. "काय झालं गं माजी बाय? काय झालं?"

आरोहीने माझ्या पक्ष्याकडे बोट केलं. हुंदके देत देत म्हणाली, "समद्यांना बाई हाय... मलाच न्हाई!"

सुनीताताईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली आणि माझ्या पक्ष्याच्या डोळ्यावर दोन तिरक्या रेघा ओढल्या.

आरोहीने फ्रॉकला नाक पुसलं, आणि पिशवी अडकवली.